कीड लागूनही पिकणारी जात कोणती, तेवढं सांगा

प्रति,
मा. सदस्य, संयुक्त कृषी संशोधन व विकास समिती,
तसेच राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांतील पैदासकार आणि कीटकशास्त्रज्ञ,
महाराष्ट्र राज्य.

विषय : सोयाबीनच्या प्रत्येक जातीचा फवारलेला आणि न फवारलेला उतारा शेतकऱ्यांसमोर ठेवण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात शेती करतो. वडिलांनी पहिल्यांदा सोयाबीन पेरलं ते जेएस ३३५. ही जात १९९४ साली आली आणि पुढे कितीतरी वर्षं आमच्या भागात सोयाबीन म्हणजे तीच. आता रानात दर दोन-तीन वर्षांनी जात बदलते, पण दुकानदाराला विचारायचा प्रश्न तोच असतो : हिच्यावर कीड कमी येते का? गेल्या खरिपापासून मला वाटायला लागलंय की हा प्रश्नच अर्धा आहे. उरलेला अर्धा तुमच्यापुढे मांडावा म्हणून हे पत्र.

गेल्या खरिपात एकाच वावरात दोन जाती पेरल्या होत्या. मध्ये तुरीची दोन तासं, पेरणी एकाच दिवशी, खत तेच, पाऊस तोच. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात दोन्हीकडे शेंडे मलूल दिसायला लागले. एकीची दहा आणि दुसरीची दहा झाडं उपटून बांधावर बसलो आणि दाढीच्या ब्लेडने प्रत्येक खोड मुळाकडून शेंड्याकडे उभं चिरत गेलो. गाभा पांढरा असायला हवा. तो तांबूस झाला होता, नागमोडी पोखरलेला, आत ओलसर भुसा. एका खोडात खोडमाशीची अळी अजून जिवंत होती, तांदळाच्या कणीएवढी, फिक्कट पिवळी. तीन-चार झाडांच्या दांड्यावर चक्रीभुंग्याच्या दोन चकत्या होत्या, सुरीने गोल काप द्यावा तशा. खालच्या चकतीजवळ बारीक भोकं, तिथेच मादी अंडं घालते. वीसही खोडं ओळीने मांडली आणि पाहिलं : दोन्ही जातींत पोखरण जवळपास सारखीच.

मळणीला मात्र फरक पडला. एकीने नेहमीसारखा उतारा दिला. दुसरीच्या शेंगा वरच्या टोकाला पोचट, दाणा बारीक, चाळणीखाली ढीग. दोघींना कीड सारखीच लागली होती. पहिलीने ती सोसली, दुसरीला सोसवली नाही.

त्या जातींची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. एका वावरातल्या एका हंगामावरून कुणाला शाबासकी देणं आणि कुणाला बाद ठरवणं बरं नव्हे. ते काम तुमचं आहे, तुमच्याकडे त्यासाठी प्रक्षेत्रं आहेत, माणसं आहेत, वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. पण बियाण्याच्या बॅगेबरोबर दुकानातून मिळालेल्या दोन्ही घडीपत्रिका मी घरी येऊन पुन्हा वाचल्या. दोन्हींवर एकच ओळ होती : ‘प्रमुख किडींना सहनशील’. या ओळीवरून मला पेरणीच्या आधी काय कळणार होतं?

‘प्रतिकारक’, ‘मध्यम प्रतिकारक’, ‘सहनशील’, ‘कमी बळी पडणारी’ हे शब्द आपल्याकडे एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. तुम्हाला हे सांगायला नको, पण शेजारच्या शेतकऱ्यांनीही हे पत्र वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून लिहितो. अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ पेंटर यांनी १९५१ सालीच पिकाच्या या गुणाचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले होते. पहिल्यात कीड त्या झाडावर बसायलाच नाखूश असते; पानावर लव असते, वास आवडत नाही, अंडी घालायला जागा पटत नाही. सोयाबीनच्या पानावरची लव ही याची सोपी खूण. लव नसलेलं गुळगुळीत सोयाबीन तुडतुडे अक्षरशः वाळवून टाकतात. दुसऱ्या प्रकारात कीड येते, खाते, पण ते खाणं तिला मानवत नाही. अळी मरते, खुरटते, पुढची पिढी कमी होते. तिसऱ्या प्रकारात किडीला काहीच होत नाही. ती येते, खाते, वाढते, आणि झाड तरीही पिकतं. याला सहनशीलता म्हणायचं. बांधावर बसून ब्लेडने मी जे पाहिलं ते हे तिसरं होतं.

सोयाबीनच्या अंगी हा गुण मुळातच पुष्कळ आहे, आणि याचं मला फार अप्रूप वाटतं. फुलोऱ्याआधी तीसेक टक्के पानं अळीने खाल्ली तरी उताऱ्यात फारसा फरक पडत नाही, हे जगभरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. फुलोऱ्यानंतर, शेंगा भरताना ही सूट निम्म्यावर येते, पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत. कारण साधं आहे. जोमदार सोयाबीनला गरजेपेक्षा जास्त पानं असतात. वरची पानं चाळणी झाली की ऊन खालच्या पानांपर्यंत पोचतं आणि तोवर सावलीत बसून असलेली पानं कामाला लागतात. फुलांचंही तसंच. सोयाबीन निम्म्याहून जास्त फुलं किडीशिवायही गाळून टाकतं. म्हणून थोडी फुलं अळीने खाल्ली तर झाड गळणाऱ्यातली काही राखून भरपाई करतं. शेंडा गेला तर बगलेतून फांद्या फुटतात. खोडमाशीची अळी मुख्यतः मधला गाभा खाते; पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नळ्या गाभ्याच्या बाहेरच्या अंगाला असतात. त्या शाबूत राहिल्या आणि जमिनीत ओल असली तर पोखरलेलं खोडही शेंगा भरतं.

पण यातलं प्रत्येक वाक्य सगळ्या जातींना सारखं लागू नाही. ऐंशी-पंच्याऐंशी दिवसांत निघणाऱ्या जातीला पुन्हा पालवायला दिवसच मिळत नाहीत. शंभर-एकशेपाच दिवसांच्या जातीला मिळतात. फुलोरा आल्यावरही ज्या जातीची वाढ चालू राहते तिला भरपाईची संधी जास्त. खोड जाड, फांद्या जास्त, मुळं खोल, पालवा दाट, असे गुण जिच्यात एकत्र येतील ती जास्त सोसणार. पेरणीही यात येते. दाट पेरलं की खोड उंच आणि बारीक होतं आणि चक्रीभुंगा तिथे जास्त रमतो. आमच्याकडे रुंद सरी-वरंब्यावर टोकण करणारे लोक वाढले आहेत आणि त्यांच्या रानातलं झाड पसरून, खोड धरून उभं असतं हे कुणीही बांधावरून पाहू शकतं. लवकर येणारी जात घेणाऱ्याला त्याबद्दल दोष नाही, त्याला मागून हरभरा पेरायचा असतो. पण त्या जातीच्या पिकात अळी दिसली तर थांबायचं किती, आणि उशिरा येणाऱ्या जातीत थांबायचं किती, हे त्याला वेगवेगळं सांगायला हवं की नको?

आता मूळ मुद्दा.

जात तपासताना कीटकशास्त्र विभाग काय मोजतो? कीडग्रस्त झाडांची टक्केवारी. खोड किती सेंटिमीटर पोखरलं त्याची टक्केवारी. मीटरभर ओळीत अळ्या किती. ही मापं किडीची आहेत, पिकाने काय केलं ते यांतून कळत नाही. बसू न देणारी आणि अळीला मारणारी जात या मापात नीट सापडते. पण जी जात पोखरण सोसून पुरा उतारा देते ती या मापात ‘बळी पडणारी’ म्हणून नोंदली जाते. माझी पहिली जात आणि दुसरी जात तुमच्या तक्त्यात एकाच रकान्यात बसल्या असत्या. मला भीती वाटते ती याची की नव्या जातीसाठी वाढवलेल्या अशा किती ओळी पैदासकाराच्या (नव्या जाती तयार करणाऱ्याच्या) हातून चौथ्या-पाचव्या पिढीतच टाकून दिल्या गेल्या असतील.

इंदूरच्या राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर उपाय म्हणून एक रीत वापरली आहे, ती तुम्हाला माहीत आहेच. तीत किडीचा प्रादुर्भाव आणि उतारा दोन्ही एकत्र धरून वाणांचे चार गट पाडतात : कीड कमी–उतारा जास्त, कीड कमी–उतारा कमी, कीड जास्त–उतारा जास्त, कीड जास्त–उतारा कमी. यातला तिसरा गट म्हणजेच सोसणाऱ्या जाती. त्याच्या पुढची पायरी म्हणजे जोडीचे प्लॉट. एकाच जातीचा एक प्लॉट पूर्ण संरक्षित, दुसऱ्यावर एकही फवारा नाही. दोन्हींच्या उताऱ्यातली तूट म्हणजे त्या जातीच्या सहनशीलतेचं खरं माप. ही पद्धत महाग आहे, जागा दुप्पट लागते, आणि कीड एखाद्या वर्षी आलीच नाही तर हंगाम वाया जातो, हे मी जाणतो. तरीही हाच एक आकडा आहे जो माझ्या कामाचा आहे.

कामाचा का, तर हिशोब बघा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. एखादी जात न फवारता एकरी अर्धा क्विंटल तूट देत असेल, तर ती तूट हमीभावाने २,६६४ रुपयांची. बाजारात हमीभाव मिळाला नाही तर त्याहूनही कमी. दोन फवारण्यांचं औषध, वर दुकानदाराने सोबत दिलेलं टॉनिक, पंपाचं पेट्रोल आणि दोन माणसांची मजुरी याच्या शेजारी हा आकडा मांडला की मी फवारायचं की नाही हे मला स्वतःला ठरवता येतं. तीच तूट दोन क्विंटलची असेल तर मी पहिल्या चकतीलाच पंप काढीन. आज या दोन्ही प्रकारच्या जाती पेरणारे शेतकरी एकाच दिवशी एकच औषध मारतात, कारण त्यांच्या हातात एकच वाक्य आहे.

‘प्रतिकारक’ जात काढली की प्रश्न मिटतो असं नाही, हेही अनुभवाने दिसलं आहे. अमेरिकेत २००० साली सोयाबीनवर आशियातून गेलेला मावा सापडला. तिथल्या शास्त्रज्ञांनी माव्याला रोखणारा जनुक शोधला, त्याला रॅग-१ म्हणतात. तो जनुक असलेलं बियाणं बाजारात येण्याआधीच ओहायोत असा मावा सापडला जो त्या झाडावर आरामात जगत होता. तो मावा आपली अडचण नाही, पण त्यातली गोष्ट आपली आहे. झाड किडीला मारायला लागलं की उरलेल्या किडी त्यावर तोड काढतात. सोसणारं झाड किडीला असं डिवचत नाही, म्हणून ती गुणवत्ता टिकते. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे पाने खाणाऱ्या किडींना रोखणारे जपानी वाण १९७० च्या सुमारास अमेरिकेत सापडले. त्यांचा संकर करून जाती निघायला वीस वर्षं गेली आणि निघाल्या त्या उताऱ्यात मागे पडल्या. ब्राझीलमध्ये एम्ब्रापा या सरकारी संस्थेने शेंगा शोषणाऱ्या ढेकण्यांना सहनशील जाती ‘ब्लॉक’ या नावाखाली वेगळ्या काढून शेतकऱ्यांपर्यंत नेल्या. म्हणजे सहनशीलता हा गुण नाव देऊन, मोजून, ओळखून विकता येतो.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणत नाही. परभणीच्या एमएयूएस १५८ ची ओळख आम्हाला खोडमाशीला सहनशील अशीच करून दिली गेली आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस १४०७ ही जात काढली. चक्रीभुंगा, खोडमाशी, मावा, पांढरी माशी, पाने गुंडाळणारी आणि पाने खाणारी अळी, इतक्या किडींना ती प्रतिकारक असल्याचं २०२१ साली जाहीर झालं. जाड खोड, १०४ दिवस, हेक्टरी ३९ क्विंटलपर्यंत क्षमता. ही बातमी वाचून आमच्या गटात किती फोन झाले असतील! मग खालची ओळ वाचली : आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडील राज्यांसाठी. जात ज्या विभागातल्या चाचण्यांत उतरली त्याच विभागासाठी तिची शिफारस होणार, हा नियम योग्यच आहे आणि आसामच्या शेतकऱ्याला चांगली जात मिळाली याचा आनंदच आहे. माझी विनंती एवढीच की पुण्यात तयार झालेल्या त्या रक्ताचा उपयोग मराठवाडा-विदर्भासाठीच्या संकरात किती झाला, किंवा व्हायचा आहे का, हे तुमच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारावं.

२००८ चा खरीप आमच्या लोकांच्या अजून लक्षात आहे. तंबाखूवरची पाने खाणारी अळी, उंटअळी, घाटेअळी, सगळ्या एकदम. रात्रीत पानाच्या नुसत्या शिरा उरायच्या. रानात उभं राहिलं तर अळ्यांच्या खाण्याचा आवाज यायचा, असं माझी आई अजून सांगते. त्याच अनुभवातून पुढच्या वर्षापासून क्रॉपसॅप, म्हणजे राज्याचा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प, सुरू झालं. ठरलेल्या गावांत ठरलेल्या दिवशी किडी मोजायच्या आणि नुकसानीची पातळी ओलांडली की सल्ला द्यायचा. चांगलं काम आहे. पण ती पातळी सगळ्या जातींना एकच. मीटरभर ओळीत तीन-चार अळ्या, मग रान पंच्याऐंशी दिवसांच्या जातीचं असो की एकशेपाच दिवसांच्या. जोडीच्या प्लॉटांचे आकडे हातात आले तर जातीनिहाय, निदान कालावधीनिहाय पातळी बांधता येईल. मोजणी करणाऱ्याच्या अर्जात जातीचं नाव भरायचा रकाना असतो. सल्ल्यातही जात यावी.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. ते कापसाचं रान होतं, सोयाबीनचं नव्हतं. पण पाठीवरचा पंप तोच असतो, आणि तो घेऊन छातीएवढ्या पिकात शिरणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याच्या वावरातला मजूर असतो. माझ्याकडे फवारणीला येणारा गडी गेली कित्येक वर्षं तोच आहे. फवारून आल्यावर त्याचे डोळे लाल असतात आणि तो संध्याकाळी जेवत नाही. न मारता चालेल असा एक फवारा मला आधी कळला, तर त्याच्या आयुष्यातली तेवढी एक संध्याकाळ वाचते. जातीची सहनशीलता हा माझ्या लेखी त्याच्या तब्येतीचाही विषय आहे.

म्हणून मागणी अशी. संयुक्त बैठकीत सोयाबीनची कोणतीही नवी जात मान्यतेसाठी येईल तेव्हा तिच्या प्रस्तावात संरक्षित आणि असंरक्षित प्लॉटचा उतारा किमान तीन हंगामांचा मागावा, आणि त्यातलं एक केंद्र तरी जिथे खोडमाशी-चक्रीभुंगा हमखास येतो अशा भागातलं असावं. आज शेतात असलेल्या जाती, म्हणजे एमएयूएस ६१२, एमएयूएस १६२, फुले संगम, फुले किमया, अकोल्याची सुवर्ण सोया, यांच्याही अशा चाचण्या एकत्र, एकाच रानात घ्याव्यात. प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या जातीची आपापल्या प्रक्षेत्रावर घेऊन उपयोग नाही. आकडे कृषी दैनंदिनीत छापावेत. घडीपत्रिकेवर ‘सहनशील’ हा शब्द वापरायचा तर कोणत्या किडीला, आणि न फवारता उतारा किती कमी होतो, हे त्याच ओळीत लिहिणं बंधनकारक करावं. आकडा वाईट आला तरी चालेल. जी जात कीड अजिबात सोसत नाही पण भरपूर पिकते, तीही मी पेरीन, फक्त तिच्या रानात मला आठवड्यातून दोनदा फिरायचं आहे हे मला जूनमध्ये माहीत हवं.

जागेची अडचण सांगितली जाईल, म्हणून आधीच लिहितो. माझं विहिरीलगतचं वीस गुंठे रान सपाट आहे, काळी मध्यम जमीन, तीन बाजूंनी सोयाबीनच. खोडमाशी तिथे दरवर्षी येते. ते पुढचे तीन खरीप या चाचणीसाठी देतो. न फवारलेल्या प्लॉटची तूट माझी, तिची भरपाई नको. आमच्या गटातले आणखी चौघे दहा-दहा गुंठे द्यायला तयार आहेत. बियाणं, आराखडा आणि नोंदवही तुमची. पेरणी ओल बघून, साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात. झाडं उपटून खोडं चिरायला पोळ्याच्या सुमाराला कुणीतरी यावं, ब्लेडची पाकिटं मी आणून ठेवीन.

आपला,
औसा तालुक्यातला एक सोयाबीन उत्पादक